उभे राहून

त्यांच्या भाषेत आईला ‘देदा’ म्हणतात
आणि बापाला ‘मामा’.
पहिल्या दिवशी मला हसू आवरलं नव्हतं.
‘तो’ नाही त्या भाषेत, ‘ती’ नाही, ‘ते’ नाही,
सगळ्यांना मिळून एकच सर्वनाम.
क्रियापदालाही पत्ता नसतो
कोण आलं, कोण जेवलं, कोणी भांडी घासली.
माझी मराठी तिथे पावलोपावली अडायची,
वाक्य सुरू करण्याआधी विचारायची,
बाई की बुवा?
त्यांना विचारावं लागत नाही.
आत कोण, बाहेर कोण,
भिंतीला पाठ आहे.

काखेतीतलं गाव, द्राक्षं तोडून झालेली,
अंगणात लांबच लांब टेबल
आणि टोकाला जुम्बेर, तमादा,
म्हणजे प्रत्येक प्याल्याआधी बोलायचा मान ज्याचा, तो.
मी पाहुणी, म्हणून टेबलाशी.
परदेशी बाईला तिथे
संध्याकाळपुरतं पुरुष होता येतं.

म्झेविनारला घड्याळ लागत नाही.
ती भिंतीपलीकडचे प्याले मोजते.
देवाचा प्याला : चीज कापायचं.
देशाचा : पाण्याला आधण.
मेलेल्यांचा आला की मटण उतरवायचं,
कारण तेव्हा पुरुष गप्प होतात
आणि गप्प झाले की त्यांना भूक लागते.
हे तिने मला दुपारी सांगितलं,
मोदकासारख्या पुरचुंड्या वळता वळता.
एकेकीला एकोणीस चुण्या.
तिच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत एकही केस नव्हता.
भट्टीत वाकून वाकून रोटी लावणाऱ्या हातावर
उगवत नाहीत म्हणे.

मग स्त्रियांचा प्याला.
तो उभं राहूनच प्यायचा असतो.
जुम्बेर सुंदर बोलतो, खोटं कशाला सांगू.
घराच्या मधल्या खांबाला आम्ही आई-खांब म्हणतो,
राजधानीला आई-शहर,
जमिनीला आई-माती,
एकेक आई तो अंगणात उभी करत गेला,
त्याचा आवाज भरून आला, माझाही गळा.
आतून झाकण पडल्याचा आवाज.
“म्झेविनार! बाहेर ये, तुझ्यासाठीच पितोय!”

दरवर्षी ती दारातून डोकावते,
हात पुसते, मान हलवते, वळते.
या वर्षी ती झारा घेऊन आली.
सगळे उभे होते.
आदराने, प्याले छातीशी धरून,
आणि म्हणून
सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

तिने बघितलं.
मग जुम्बेरची खुर्ची ओढली आणि बसली.
रागाने वगैरे नाही,
लांबच्या प्रवासात बाक दिसल्यावर
माणूस बसतं तशी.
तिच्यामागून नातेला. मग बारा वर्षांची लिले,
जी बसल्या बसल्या ऑलिव्ह खायला लागली.
म्हातारी त्सियाला नाही बसली.
चौकटीला टेकून म्हणाली,
गुडघे एकदा वाकले तर परत उघडायचे नाहीत,
आणि मेलं कढईकडे कोण बघणार.

मी उभीच होते, पुरुषांच्या रांगेत,
हातात त्यांच्याइतकाच भरलेला प्याला.
बसायचं तर होतं, पण मनातल्या मनात
वाक्य जुळवताना पुन्हा मराठी आडवी आली :
इतका वेळ या टेबलाशी
मी बसले होते
की बसलो होतो?

कुणी काही बोलेना.
प्याला संपला होता आणि नियमात
यापुढचं काही लिहिलेलं नव्हतं.
शेवटी जुम्बेरनेच विचारलं,
मघाशी भरून आलेल्या त्याच आवाजात,
“रोटी?”

“भट्टीत आहे,” म्झेविनार म्हणाली,
आणि त्याच्या ताटातला अक्रोड उचलला.
“बाही वर कर. पेटेल.”

तो गेला. बऱ्याच वेळाने
अंगणात जळक्या केसांचा वास आला.
लिलेने नाक दाबलं.
दोन रोट्या निखाऱ्यात पडल्या होत्या,
तिसरी त्याने आणली,
एका बाजूने कच्ची.
आम्ही खाल्ली.